दहापैकी किती?

गुडघ्याची वाटी फुटली आहे, मांडी वाळून गेली आहे आणि घरात आपण एकट्या आहोत, अशा कुणाच्या हाती हे पडलं तर थोडा धीर यावा, म्हणून लिहिते आहे. पवनीच्या शाळेत मी मराठी शिकवत असे. आता निवृत्त आहे. लिहायला मला वेळ लागतो, आणि सध्या माझ्याकडे वेळ आहे. ज्यांना गुडघ्याचं शास्त्र हवं असेल त्यांनी डॉक्टरांना विचारावं. मी फक्त माझ्या गुडघ्याचं सांगते.

खालचा कप्पा

आषाढातली सकाळ. धानाच्या रोवणीचे, म्हणजे लावणीचे दिवस असल्यामुळे आमची आळी चहा पिऊन शेतांवर गेलेली. मी न्हाणीतून बाहेर आले, ओला पाय फरशीवर सरकला आणि उजवा गुडघा सरळ जमिनीवर आपटला. काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. मी पायाला उठायला सांगितलं आणि तो उठला नाही. दुखण्यापेक्षा त्याचीच भीती वाटली. आपलाच पाय आणि आपलं ऐकत नाही.

फोन टेबलावर होता. तिथवर सरकत गेले, पण टेबलाला धरून उठता येईना. शेवटी पुस्तकांच्या कपाटाशेजारी पडून राहिले. डोळ्यांसमोर सगळ्यात खालचा कप्पा होता. तो सुधाकरचा. सुधाकर माझे यजमान, पाटबंधारे खात्यात होते. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात हृदयविकारानं गेले. त्यांच्या कप्प्याला मी तोवर हात लावला नव्हता. आता मान वाकडी करून त्या पुस्तकांची नावं वाचत राहिले. कालव्यांची देखभाल, धानाच्या पाण्याच्या पाळ्या, असली पुस्तकं. त्यांच्या पुस्तकांकडे इतका वेळ मी ते असताना कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी मागच्या दारानं गिरजाबाई आल्या. त्या शेजारच्या. त्यांची धानाची शेती आहे, आणि बांधावरची भाजी आणून द्यायची ही त्यांची सवय.

"वो मॅडम! अशा खाली काहून निजल्या?"

"पडले, गिरजाबाई."

"कधीच्या?"

"सकाळपासून."

"आन् आवाज नाही द्याव का?"

"दिला होता."

"तुमचा आवाज म्हणजे वर्गातला. शेवटच्या बाकापर्यंतबी जात नाही."

असं बोलत बोलतच त्यांनी मला पाणी पाजलं, ऑटोवाल्याला फोन केला आणि चिखलाच्या पायांनी माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

घरी कोण आहे?

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. वाटीचे दोन तुकडे झाले होते. तार घालून जोडावी लागेल, म्हणाले. ते मी शांतपणे ऐकलं. मग कागदावरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "घरी कोण आहे?"

मी "कोणी नाही" असं म्हणाले. हे वाक्य मोठ्यानं उच्चारायची माझी पहिलीच वेळ होती. शस्त्रक्रियेच्या आधीच्या सगळ्या भीतीत मला हा प्रश्न सर्वांत जास्त बोचला.

माझी मुलगी रेवा पुण्याहून आली. दवाखान्याचे दिवस एकसारखे असतात. सकाळी थर्मामीटर, मग चहा, मग फरशी पुसणारी बाई, मग डॉक्टरांची फेरी, आणि मग नुसती दुपार. शेजारच्या खाटेवरच्या आजींना लाखनीहून डबा यायचा. त्यातली लसणाची चटणी त्या न विचारता माझ्या ताटात वाढत. त्या चटणीनं मला जेवायला लावलं.

रेवा खाटेशेजारच्या बाकावर झोपायची. तिची रजा संपत आली तसं आम्ही दोघी फार जपून बोलू लागलो. जपून बोलणं हेच आमच्या घरातलं भांडण.

"आई, तू पुण्याला चल."

"माझं घर आहे इथे."

"घर मोड असं मी म्हणत नाहीये. पुन्हा पडलीस तर काय, एवढंच विचारतेय. गिरजाबाई रोज नेमक्या वेळी येणार का?"

तिचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला राग आला. निघताना ती म्हणाली, "दिवाळीनंतर मी येईन. जमिनीवर बस आणि कशालाही न धरता, एकटीनं उठून दाखव. मग मी पुण्याचं नाव काढणार नाही."

मी हो म्हणाले. तेव्हा मला साधं कुशीवरही वळता येत नव्हतं.

दोन बायकांचे पाय

गुडघा वाकू नये म्हणून पायाला लावलेला लांब पट्टा निघाला तेव्हा हाड जुळलं होतं, पण मांडी गेली होती. शेजारी शेजारी ठेवलेले माझे दोन पाय दोन वेगळ्या बायकांचे वाटत होते. उजव्या मांडीची कातडी सैल लोंबत होती.

डॉक्टरांनी मला भंडाऱ्यातल्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. दारावर प्रणाली असं नाव होतं. आत गेले तर ती उठून उभीच राहिली.

"मॅडम! मी तुमची विद्यार्थिनी. दहावी ब. तुम्ही वळखलं नाही ना मले?"

शिकल्यासवरल्यावरही ती आनंदात आली की पवनीचं बोलू लागते. मला ते आवडलं. तिनं पाय पाहिले, दाबले, टेपनं मोजले आणि म्हणाली, "मॅडम, उजवा तर समजला. पण डाव्यालाही जोर नाही. पडायच्या आधी चालत होता ना तुम्ही?"

मी चालत नव्हते. सुधाकर गेल्यापासून खुर्चीत बसून वाचत होते. बाजारही गिरजाबाईच आणायच्या. दुःखानं पाय वाळतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दरवाजा

प्रणालीनं अडचण समजावून सांगितली. मांडी भरायची तर जड वजन उचलायला हवं, आणि जुळलेल्या वाटीवर जड वजन इतक्यात नको. हलक्या वजनानं मांडी फारशी भरत नाही. यावर तिच्याकडे एक उपाय होता. मांडीच्या वरच्या भागाला हवेचा रुंद पट्टा बांधायचा, रक्ताचा प्रवाह काही मिनिटं बेतानं कमी करायचा आणि तेवढ्या वेळात हलकं वजन उचलायचं. स्नायूला वाटतं, फार जड काम चाललंय. तो त्या हिशेबानं वाढू लागतो.

आधी तिनं मला बरंच विचारलं. पायात रक्ताची गाठ झाली होती का, रक्तदाब, साखर, घरात कुणाला काय. डॉक्टरांशी फोनवर बोलली. मग पट्टा बांधून टॅबलेटवर बोट ठेवलं. पट्टा आपोआप फुगू लागला. यंत्र पायातला ठोका ऐकत होतं. कोणत्या दाबाला माझ्या पायातलं रक्त पुरतं थांबेल ते त्यानं शोधलं, आणि व्यायामासाठी त्याच्या बराच खालचा दाब धरला. हा आकडा प्रत्येक पायाचा वेगळा, म्हणून अंदाजानं बांधायचं नसतं, असं ती म्हणाली. व्यायामाच्या मधे पट्टा ढिला झाला किंवा जास्त आवळला तर यंत्रच तो सावरतं आणि वेळ संपली की सोडून देतं.

मी घाबरले होते. पण पट्टा फुगताना मला कालव्यावरचं एक लोखंडी गेट, पाण्याचा दरवाजा, आठवलं. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात सुधाकर मला ते दाखवायला घेऊन गेले होते. मी विचारलं होतं, हे पाणी बंद करतं का? ते म्हणाले, "बंद करायला कशाला लागतं गेट? पाणी बेतानं द्यायला लागतं." आणि चाक फिरवून त्यांनी ते थोडंसं खाली घेतलं होतं. तोच माणूस आता माझ्या मांडीवर चाक फिरवत बसला आहे असं वाटलं आणि भीती ओसरली.

मांडीत आग पडली, हे मात्र खरं. पट्टा सुटल्यावर ऊब पायाच्या बोटांपर्यंत उतरत गेली. ते फार सुखाचं होतं.

साप

रोज भंडाऱ्याला एसटीनं जाणं शक्य नव्हतं. काही दिवस तिच्यासमोर केल्यावर प्रणालीनं पट्टा घरी दिला आणि माझ्या फोनवर त्याचं ॲप घातलं. मी घरी व्यायाम केला की तिला तिकडे सगळं दिसणार. वजन किती हे तीच ठरवणार.

पहिल्याच दिवशी, पट्टा फुगलेला आणि घोट्याला वाळूची पिशवी, अशा अवस्थेत मी असताना गिरजाबाई मागच्या दारातून आल्या आणि भाजी टाकून ओरडल्या, "का चावलं वो मॅडम? कोणता होता?"

"कोण?"

"साप!"

धानाच्या बांध्यांत वावरणाऱ्या माणसाला आवळून बांधलेला पाय दिसला की दुसरं काही आठवत नाही. मी त्यांना बसवून सगळं समजावलं.

"रगत अडवून ताकद येते?" त्या म्हणाल्या. "मंग आमच्या बुढ्याच्या दुपट्ट्यानं फुकट बांधून देऊ का?"

नको, असं मी त्यांना सांगितलं आणि वाचणाऱ्यांनाही सांगते. दुपट्ट्याला ठोका ऐकू येत नाही.

ॲप शेवटी प्रश्न विचारायचं. 'पायात बधिरता जाणवते का?' हा पहिला. मी मोठ्यानं वाचला.

"बधिर म्हणजे बहिरं ना वो?" गिरजाबाई म्हणाल्या. "पायाले का कान रायते?"

दुसरा प्रश्न होता: 'आजच्या व्यायामाला दहापैकी किती द्याल?' खाली शून्य ते दहा अशी रेघ.

या प्रश्नात मला काहीच कठीण वाटलं नाही. दहापैकी देणं हे काम मी नोकरीभर केलं होतं. त्या दिवशी मांडी पेटली होती, शेवटची फेरी धापा टाकत कशीबशी ओढली होती. मी प्रामाणिकपणे तीन दिले.

ॲपनं लगेच लिहिलं, 'छान!' मला ते पटलं. तीन मिळवणाऱ्या मुलांच्या वहीवर मीही 'प्रयत्न चांगला' असं लिहीत असे.

दोन

पुढच्या खेपेला वजन वाढलं. मी आणखी वाईट केलं आणि आणखी कमी दिले. वजन पुन्हा वाढलं. मला वाटलं, नापास होणाऱ्यांकडून जास्त मेहनत करून घ्यायची अशीच यांची पद्धत असेल. गुडघ्याभोवती सूज येऊ लागली. जिना उतरताना भिंत धरावी लागे. प्रणाली फोनवर विचारायची, "कसं आहे मॅडम?" मी म्हणायची, "बरं आहे." आमच्याकडे कुणी कसं आहे विचारलं तर दुसरं उत्तर देत नाहीत.

दिवाळी जवळ येत होती. एका संध्याकाळी रेवानं फोटो पाठवला. पुण्याच्या घरात तिनं माझ्यासाठी खोली लावली होती. एक मांडणी पूर्ण रिकामी करून ठेवली होती, माझ्या पुस्तकांसाठी. तिनं काहीच लिहिलं नव्हतं. फोटो पाहून मला रडू आलं, कारण त्यात जबरदस्ती नव्हती, माया होती, आणि मी हरत होते.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्यात प्रणालीनं मला लाकडी पाटावर बसवलं आणि उठायला सांगितलं. मी अर्धी उठले आणि पुन्हा खाली बसले. मागच्या वेळी याच पाटावरून उठले होते. प्रणाली खाली वाकली. सूज हातानं चाचपून पाहिली, टॅबलेट उघडला आणि बराच वेळ बघत राहिली.

"मॅडम, एक सांगा. परवा तुम्ही दोन दिले."

"हो."

"दोनच कायले?"

"शेवटची फेरी अर्धीच झाली. खरं तर दोनसुद्धा जास्तच."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे तुम्ही मार्क दिले का?"

"मग काय द्यायचे असतात?"

तिनं टॅबलेट खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"अहो मॅडम! शून्य म्हणजे काहीच जड गेलं नाही. दहा म्हणजे मरणाचं जड. तुम्ही दोन दिले, मी समजली मॅडमले सोपं जाऊन राहिलं. मी वजन वाढवून राहिली आन् तुम्ही नापास होऊन राहिल्या!"

"तसं लिहायला हवं होतं मग. 'किती द्याल' म्हणजे मार्कच."

"चूक माझी आहे. पहिल्याच दिवशी नीट सांगाले पाहिजे होतं, आणि सूज पाहाले आधीच बोलवाले पाहिजे होतं." तिचा चेहरा क्षणभर उतरला, आणि मग पुन्हा हसू फुटलं. "पण मले तरी समजाले पाहिजे होतं ना! तुम्ही कोणाले चारच्या वर दिले का कधी? माझ्या निबंधाले चार दिले होते. वैनगंगेचं मनोगत. पानभर लिहिलं होतं मी, नदी कशी रडते, कशी विव्हळते. तुम्ही खाली लाल शाईनं लिहिलं, 'नदी एवढी रडत नाही.'"

मला ते आठवत नव्हतं, पण वाक्य माझंच होतं, यात शंका नाही. आणि मी हसले. सुधाकर गेल्यानंतर इतक्या मोठ्यानं हसले नव्हते. पलीकडच्या टेबलावर खांद्याचा व्यायाम करणारे आजोबा वळून पाहू लागले. शेवटच्या बाकापर्यंत नक्की ऐकू गेलं असणार.

किती जड गेलं?

तो प्रश्न प्रणालीला तिच्या बाजूनं बदलता येत होता. तिनं तिथेच मला वाक्य सांगायला लावलं. मी सांगितलं: 'आज किती जड गेलं? जरासुद्धा नाही म्हणजे शून्य. याहून जड शक्यच नाही म्हणजे दहा.' 'बधिरता' काढून 'पाय मेल्यासारखा वाटतो का?' असं घातलं.

"या वाक्यांले दहापैकी किती मॅडम?"

"आठ."

"आठ! तब्येत बरी आहे ना तुमची?"

काही दिवस विश्रांती, मग अगदी हलकं वजन, मग बेतानं वाढ. सूज उतरली. माझी मांडी हळूहळू परत आली. रोज आरशात पाहून ती दिसली नाही, ती एकदा जिना उतरताना कळली. भिंतीवर हात नव्हता आणि ते खाली आल्यावर माझ्या लक्षात आलं.

पण त्या प्रश्नानं पायापलीकडेही काहीतरी केलं. 'बरं आहे' म्हणण्याची सोय त्यानं काढून घेतली. रेवालाही मी ती गंमत सांगितली, आणि तेव्हापासून ती फोनवर "कशी आहेस?" असं विचारत नाही, "आज किती?" असं विचारते. सुरुवातीला मी पायाचंच सांगायची. सुधाकर गेले त्या तिथीला तिनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "पाय चार. बाकी नऊ." ती म्हणाली, "माझंही नऊ, आई." ते गेल्यापासून आम्ही दोघी एकमेकींना बरं आहे, बरं आहे असंच सांगत आलो होतो. त्या दिवशी मात्र खूप वेळ बोललो. त्यांच्याबद्दल, जपून न बोलता.

जमिनीवर

रेवाला दिवाळीनंतर लगेच येता आलं नाही. ती आली तेव्हा धान कापून घरी आलं होतं आणि आळीभर तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास होता. आल्या आल्या तिनं विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच कपाटाशी गेले आणि जमिनीवर बसले. बसणं सोपं नव्हतं, पण तेही जमलं. समोर खालचा कप्पा होता. मी सुधाकरची पुस्तकं एकेक काढून पुसली. एका पुस्तकात त्या गेटचं चित्र सापडलं, ते रेवाला दाखवलं. ती शेजारी उभी होती, हात पुढे करायचा नाही म्हणून तिनं ते पाठीमागे बांधून घेतले होते. मागच्या दारात गिरजाबाई उभ्या होत्या. त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली नव्हती.

मी उजवं पाऊल पुढे रोवलं. कपाटाला हात लावला नाही. मांडी थरथरली, ओढलं गेलं, आणि मी उभी राहिले.

रेवा म्हणाली, "पुन्हा कर."

"मास्तरीण कोण आहे इथे?"

"उठल्या वो मॅडम!" गिरजाबाई म्हणाल्या. "मले वाटलं आता माहाच पाय मोडते, उभी राहून राहून."

मी पुन्हा केलं. रेवानं पाठीमागचे हात सोडले आणि मला मिठी मारली. पुण्याला मी जाणार आहे. रिकाम्या मांडणीत ठेवायला चार पुस्तकं घेऊन, आणि परतीचं तिकीट काढून.

त्या संध्याकाळी व्यायाम झाल्यावर ॲपनं विचारलं, आज किती जड गेलं? मी विचार केला आणि चार लिहिले. चार हा आकडा मी आयुष्यात पुष्कळ वेळा दिला आहे, पण इतक्या आनंदानं नाही. थोड्या वेळानं प्रणालीचा संदेश आला, "चारच, मॅडम?"

मी उत्तर लिहिलं, "नदी आता एवढी रडत नाही."